मशीनचं दावं

आमच्या व्याह्यांनी आयुष्यात बैलाशिवाय दुसरं काही विकत घेतलंच नाही. घरात वस्तू नव्हत्या असं नाही. फ्रीज होता, शिलाईचं मशीन होतं, लोखंडी कपाट होतं, मोबाईल होता. पण यातली एकेक वस्तू त्यांनी बैल म्हणूनच घेतली होती. व्याही म्हणजे माझ्या मुलीचे, शोभाचे सासरे. गाव देवणीच्या जवळ, आणि सगळी उमर गेली ती देवणीच्या जनावरांच्या बाजारात दलाली करण्यात. देवणीचा बैल म्हणजे काय ते आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. तो पारखणारा माणूस म्हणून पार कर्नाटकातून लोक व्याह्यांना शोधत यायचे. पुढे ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, बाजार आटला, पण व्याह्यांची नजर काही आटली नाही. ती बैल मिळेना म्हणून दिसेल त्या वस्तूवर पडायला लागली.

उदगीरला फ्रीज घ्यायला गेले तेव्हा आधी दुकानाच्या दारातूनच त्याच्याकडे बघत उभे राहिले. मग जवळ जाऊन त्याच्याभोवती फेरी मारली, कुशीवर थाप दिली, आणि दार उघडून असे आत वाकले की दुकानदाराला वाटलं यांचं काहीतरी हरवलं आहे. ते दात बघत होते. मग विचारलं, हा याच्या आधी कुणाकडे होता. दुकानदार म्हणाला, बाबा, नवा आहे, कुणाकडेच नव्हता. झालं. व्याही शोभाला बाजूला घेऊन म्हणाले, "नव्याची खोड कळत न्हाई पोरी. चार म्हैने कुणाच्या दावणीला राह्यलेलाच घ्यावा." आणि बदली झालेल्या एका मास्तरांचा जुना फ्रीज घेऊन आले. तो अजून आहे. शोभा त्याच्यात डाळी ठेवते. मोबाईल घेतला तेव्हा पहिली रात्र तो उशाशी ठेवून झोपले आणि सकाळी सगळ्यांना सांगितलं, रातभर ओरडला न्हाई, लई गुणी हाय. त्याची बॅटरी संपलेली होती.

शोभाला बघायला आले तेव्हाची गोष्ट तर आमच्याकडे अजून सांगतात. पोहे झाले, चहा झाला, शिक्षण विचारून झालं, आणि व्याही म्हणाले, पोरगी जरा अंगणातून चालून दाखवेल का. माझे मालक तेव्हा होते. ते खाली बघायला लागले. मी म्हणाले, दाखवेल की, पण आधी तुमच्या पोराचे दात दाखवा. तेवढ्यात विलासने, म्हणजे आत्ताच्या आमच्या जावयाने, खरंच तोंड उघडलं. तो बापाच्या धाकात वाढलेला, त्याला वाटलं दाखवायचेच असतील. व्याही इतके हसले की खांद्यावरचा पंचा खाली पडला. तिथेच सोयरीक ठरली. दोन्ही घरं बौद्ध. व्याही देवळात जात नाहीत, नारळ फोडत नाहीत, कुणाच्या अंगात आलं की उठून जातात. पण जनावरांच्या बाजारातला रिवाज मात्र मोडत नाहीत. मी एकदा विचारलं, देव मानत नाही आणि हे कसं मानता. तर म्हणाले, "देव कुनी बघितला, इहीनबाई? रिवाज मी बघितलाय."

या माणसाने लाकूड घासायची मशीन कशी घेतली आणि त्यात काय झालं, ते सांगायचं आहे. ज्या साली लातूरला रेल्वेने पाणी आणलं, त्या सालचं हे. विलासने आयटीआयला सुतारकाम शिकून उदगीरला पत्र्याच्या शेडमध्ये दुकान टाकलं होतं, व्याही तेव्हा त्याच्याकडेच राहायचे, आणि माझं घरही उदगीरलाच. दारं, खिडक्या, पलंग, कपाटं. काम चांगलं होतं, पण त्या साली सिमेंटवर मारायला पाणी नव्हतं, म्हणून बांधकामं बंद होती, आणि बांधकाम बंद तर दारं कुणाला पाहिजेत. लग्नं पुढे ढकलली, म्हणजे पलंग-कपाटंही गेली. आमच्याकडे टँकर यायचा तेव्हा बाया घागरी घेऊन पळायच्या आणि विलास रिकाम्या दुकानात बसून रंधे घासायचा. त्यातच सगळीकडे बोलणं चाललेलं की उदगीर जिल्हा होणार. दर महिन्याला कुणीतरी पक्की बातमी आणायचं. पाणी नव्हतं, पण जिल्हा येणार होता. त्या आशेवर एका कंत्राटदाराने नांदेड रस्त्याला लॉज बांधायला काढलं होतं. जिल्हा झाला की साहेब लोक येणार, त्यांना उतरायला खोल्या लागणार, असा त्याचा हिशेब. पाणी तो लांबून विकत आणायचा. त्याने विलासला सांगितलं, सगळ्या खोल्यांची दारं आणि टेबलं तुला देतो, पण फळी आरशासारखी पाहिजे आणि सगळ्या एकसारख्या पाहिजेत. हाताने घासलेलं चालणार नाही. मशीन घेशील तर काम तुझं, नाहीतर मी नांदेडला देतो.

काम नांदेडला गेलं तर पुढे काय, ते आम्हाला ठाऊक होतं. विलासच्या सोबत शिकलेला एकजण पुण्याला फर्निचरच्या कारखान्यात होता. त्याने जागा बघून ठेवली होती, राहायला खोलीसुद्धा. शोभाने तोंडाने काही सांगितलं नाही, पण तिची मोठी पातेली एकेक करून माझ्या घरी यायला लागली. इथे अडगळ होते म्हणायची. मी चौथीपर्यंतच शिकले, पण एवढं मला कळतं. पुण्याच्या खोलीत मोठी पातेली मावत नाहीत.

म्हणून मी पैसे काढले. माझे मालक शाळेत शिपाई होते, ते गेल्यावर मिळालेलं मी बँकेत ठेवलं होतं. नवी मशीन त्यात येत नव्हती, म्हणून वापरलेली बघायची ठरलं. मशीन मोठी असते, टेबलाएवढी. एका बाजूने फळी आत सरकवायची, वर सँडपेपरचा रुंद पट्टा गरागरा फिरत असतो, तो फळी घासतो आणि पलीकडून ती गुळगुळीत बाहेर येते. हे सगळं मला विलासने समजावून सांगितलं. मी म्हणाले, समजलं, आता मीपण बघायला येते. माझ्या पैशाने दुसऱ्यांनी खरेदी करायची आणि मी घरी चहा करत बसायचं, हे मला जमत नाही. व्याह्यांना कुणी बोलावलं नव्हतं. ते धुतलेला फेटा बांधून स्टँडवर आधीच उभे होते.

पहिली मशीन लातूरला बघितली. चकचकीत हिरवा रंग दिलेली, पाण्याअभावी दुकान बंद करणाऱ्या एका माणसाची. विलासला बघताक्षणी आवडली. व्याही तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून मागच्या अंगाला थांबले आणि तिथून हलेनात. रंग देणाऱ्याच्या ब्रशने तिथे गोल फिरवल्यासारखी खूण उमटली होती. व्याह्यांनी तिच्यावर बोट ठेवलं आणि विलासला म्हणाले, भोवरा हाय. बैलाच्या अंगावर वशिंडाच्या मागे असा केसांचा भोवरा असला की तो बैल मालकाला खातो म्हणतात. विलास म्हणाला, बाबा, ते रंगाचं आहे. व्याही म्हणाले, भोवरा कशाचा का असंना, भोवराच. परत येताना बसमध्ये विलास खिडकीतून बाहेर बघत राहिला. ती हिरवी मशीन नंतर लातूरच्याच एका सुताराने घेतली आणि ती अजून चालते. मालकही धडधाकट आहे.

कंत्राटदाराचे फोन सुरू झाले. मशीन आली का, कधी येणार, दारं कधी लागणार. विलास मला म्हणाला, मामी, आता नांदेडला एक बघायची राहिली, ती सुटली तर मी पुण्याला हो म्हणून कळवतो. मी व्याह्यांना बजावलं की या वेळी भोवरा दिसला तरी डोळे मिटून घ्यायचे. ते म्हणाले, "हाव. पण इहीनबाई, आंधळ्यानं कधी बाजार केलाय का?"

मुखेडवरून नांदेडला पोचलो तेव्हाच ऊन तापलं होतं. मशीनचे मालक म्हणजे व्याह्यांच्याच वयाचे एक मुसलमान कारागीर. आम्ही त्यांना चाचा म्हणायला लागलो. मुलगा हैदराबादला नोकरीला, आणि स्वतःला डॉक्टरने लाकडाच्या धुळीपासून लांब राहायला सांगितलेलं, म्हणून विकायला काढली. मशीन कोपऱ्यात उभी होती. रंग उडालेली, मळकी, तेलाने काळवंडलेली. व्याही दाराबाहेरच थांबले. जवळ गेलं की जनावर फसवतं, लांबून बघावं, म्हणतात. तिथूनच त्यांनी चाचांना विचारायला सुरुवात केली. कुठून आणली, त्याच्या आधी कुणाकडे होती, किती हातांतून गेली, रात्रीचं काम केलंय का. चाचा शांतपणे एकेकाचं उत्तर देत होते. मग व्याह्यांनी विचारलं, हिनं कधी कुणाला मारलंय का. विलासने कपाळाला हात लावला. चाचांनी मात्र डावा हात पुढे केला. एका बोटाला नख नव्हतं.

"एक बार," ते म्हणाले. "गलती मेरीच थी."

तेव्हा व्याही चप्पल काढून आत गेले.

विलासने त्याच्या पद्धतीने मशीन तपासली. फळीवर पेन्सिलने आडव्या रेघा मारल्या, फळी आत सोडली, पलीकडून काढली. रेघा इकडून तिकडे सारख्या पुसल्या गेल्या होत्या. दोन्ही कडांची जाडी मोजली, ती सारखीच. तो म्हणाला, बाबा, चांगली आहे, घेऊ या. मला वाटलं, संपलं. पण व्याही म्हणाले, सकाळच्या पारी सगळेच बैल चांगले असतेत, हिला दिवसभर जुंपू द्या, आपण सांजच्याला बघू. विलासचा चेहरा उतरला. टेम्पो सांगून ठेवला होता, कंत्राटदाराला शब्द दिला होता. चाचांनाही राग आला असता तर नवल नव्हतं. दुसऱ्या कुणी हात धरून बाहेर काढलं असतं. पण ते थोडा वेळ व्याह्यांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "नक्को बोला तो तुम मानेंगे क्या? बैठो." आणि त्यांनी स्वतःच्या उरलेल्या फळ्या घासायला काढल्या.

तो दिवस काही सरता सरेना. दुपारी लाईट गेली. मशीन थांबली, पंखा थांबला, आणि आम्ही सगळे त्या पत्र्याखाली भाजत बसलो. लाईट आज येणार की नाही, ते कुणी सांगू शकत नव्हतं. विलासचा फोन वाजायचा, तो नाव बघायचा आणि खिशात ठेवायचा. व्याही मशीनच्या समोर मांडी घालून बसले होते. त्यांनी चाचांकडे पेलाभर पाणी मागितलं. मला वाटलं तहान लागली. लाईट आल्यावर त्यांनी तो पेला मशीनच्या पाठीवर ठेवला आणि मशीन चालू करायला लावली. पाणी थरथरलं, पण सांडलं नाही. मग त्यांनी ते पिऊन टाकलं. त्या साली पाणी वाया घालवायची कुणाची छाती नव्हती.

ऊन कललं तेव्हा ते उठले. मशीनच्या दोन्ही अंगांना तळहात लावून बघितला, तळहाताचा वास घेतला. म्हणाले, दमलीय, पन धापली न्हाई. मग खांद्यावरचा पंचा काढला, चाचांचा उजवा हात धरला आणि दोघांच्या हातांवर पंचा टाकला. जनावरांच्या बाजारात भाव असा पंच्याखाली, बोटं दाबून ठरतो, तोंडाने कुणी काही बोलत नाही. चाचांना हे ठाऊक असेल असं मला वाटलं नव्हतं. पण त्यांचाही आजा बैल पाळणारा. पंचा हलायला लागला. पैसे माझे, आणि मला दिसत होता तो फक्त पंचा. कधी व्याह्यांच्या बाजूने उचलला जायचा, कधी चाचांच्या. एकदा चाचांनी हात काढून घेतला आणि विलास भिंतीला टेकला. व्याह्यांनी तो हात परत धरला, कितीतरी वेळ सोडला नाही, आणि मग दोघेही एकदम हसले. व्याह्यांनी मला कानात सांगितलेला आकडा मी धरला होता त्यापेक्षा कमी होता. पारख करावी तर यांनीच, असं मला त्या घडीला वाटलं.

घोळ झाला तो यानंतर, आणि तो माझ्यासमोर झाला, पण तेव्हा कळला नाही. बैल विकताना विकणारा त्याच्या गळ्यातलं दावं देत नाही. जनावर द्यायचं, दावं ठेवून घ्यायचं. दावं गेलं तर मागची दावण ओस पडते म्हणतात. मशीन टेम्पोत चढली होती. विलास पलीकडच्या बाजूला दोर आवळत होता. अलीकडे मशीनला लाईटची जाड काळी केबल गुंडाळलेली होती. व्याह्यांनी ती बघितली आणि चाचांना म्हणाले, दावं ठेवून घ्या. चाचांना आधी समजलं नाही. समजलं तेव्हा त्यांनी केबल चाचपून बघितली. मग म्हणाले की आतल्या तारांवर मी टेपची निशाणी करून ठेवली आहे, कुठली तार कुठे लागते त्यासाठी, ती तुमच्या कामाला येईल.

"निशानी ठिवा तुमच्यापाशी," व्याही म्हणाले. "आमी नवं दावं करू. तुमची दावण रिकामी करून न्यायला मी काय दरोडेखोर हाय?"

चाचांनी केबल मशीनच्या अंगालगत, टेपची निशाणी केबलीतच राहील अशी कापली आणि दोन्ही हातांनी घेतली. मला ते बघून बरं वाटलं. विलासला नंतर केबल दिसली नाही, तेव्हा तो धरून चालला की तांबं महाग, म्हाताऱ्याने ठेवून घेतली असेल.

उदगीरला वायरमनने नवी केबल जोडली. मशीन चालू होताना बघायला कंत्राटदार स्वतः आला. शोभा आली, मी होतेच, व्याही फेटा बांधून. विलासने पट्टा चढवला, बटण दाबलं, मशीन गरजली. त्याने सागवानाची फळी आत सरकवली, आणि ती गोफणीतून दगड सुटावा तशी पलीकडून सुटली. समोरच्या पत्र्यावर आदळली, पत्रा आत गेला. कंत्राटदार तिथून हातभर अंतरावर उभा होता. आत पट्टा एका अंगाला सरकला आणि फाटला. मशीन बंद झाल्यावर इतकी शांतता झाली की पत्र्याची कुरकुर ऐकू येत होती. कंत्राटदार रुमालाने तोंड पुसत म्हणाला, येत्या आठवडी बाजारापर्यंत थांबतो, त्याच्या पुढे नाही. आणि गेला.

व्याही म्हणाले, बुजलीय. नवं ठाण, नवी माणसं, हिला चार दिवस बांधून ठेवा, कुणी मोठ्यानं बोलू नका. विलासने ऐकलं नाही. त्याला वाटलं, वाटेतल्या खड्ड्यांनी आतला रूळ हलला असेल. त्याने सगळं उघडलं, मापून बघितलं, परत बसवलं, दुसरा पट्टा चढवला. तोही फाटला. आता एकच उरला होता आणि बाजाराचा दिवस तोंडावर आला होता. शोभाने उरलेलं पातेलं माझ्याकडे आणलं आणि विचारलं, आई, शिलाईचं मशीनपण ठेवशील का. मी म्हणाले, ठेव तिकडे. त्या घरात कुणी कुणाकडे बघत नव्हतं. व्याही तेवढे दिवसभर मशीनपाशी बसायचे. तिच्या अंगावरून हात फिरवायचे आणि काहीतरी पुटपुटत राहायचे.

शेवटी त्यांनी चाचांना फोन लावला. कानाने कमी ऐकू येतं म्हणून स्पीकर मोठा. म्हणाले, भाऊ, ती बुजलीय, खात न्हाई, तुम्ही एक डाव येऊन हात फिरवून जावा. विकलेला बैल रुसला की जुन्या मालकाला बोलावतात, तसं. आम्ही सगळे तिथेच होतो. चाचांनी सगळं ऐकून घेतलं. फळी कशी सुटली, पट्टा कसा फाटला. मग म्हणाले, बेटे को बुलाओ. विलास जवळ आला. त्यांनी एवढंच विचारलं की पट्ट्यावर आतून बाण छापलेला असतो, तो कुठे पळतोय बघ.

विलासने झाकण उघडलं, उरलेला पट्टा चढवला आणि बटण दाबून लगेच सोडलं. बाण उलटा पळाला. मशीनचा पट्टा उलटा फिरत होता. तीन तारांतल्या दोन इकडच्या तिकडे झाल्या की मोटर उलटी फिरते, हे विलास आयटीआयला शिकला होता. पण मशीन नांदेडला सुलटी चाललेली त्याने डोळ्यांनी बघितली होती, म्हणून त्याचा संशय तिकडे गेलाच नव्हता.

"टेप की निशानी देखके जोड़े ना?" चाचांनी विचारलं.

"कसली टेप?" विलास म्हणाला.

मग चाचा हळू आवाजात म्हणाले, "वो तो मेरेपास है, बेटा. तुम्हारे बाबा छोड़के गये ना. खूंटी को लटकाके रखा हूं, इज्जत से."

विलासने फोन ठेवला. दोन तारा सोडल्या, अदलाबदल केली, आवळल्या. फळी आत सरकवली. ती सावकाश आत गेली आणि पलीकडून अशी बाहेर आली की शोभाने तिच्यावर गाल ठेवून बघितला. त्याने दुसरी सोडली, तिसरी सोडली. व्याही तोंडभर हसत पुढे झाले आणि नेहमीसारखी मशीनच्या कुशीवर थाप मारायला हात उचलला. विलास त्यांच्याकडे न बघता, अगदी हळू, म्हणाला, "बाबा, आता हिला हात लावू नका."

जन्मात त्याने बापाला असं काही सांगितलं नव्हतं. व्याह्यांचा हात तसाच वर राहिला. मग त्यांनी तो खाली घेतला आणि दुसऱ्याच कुणाचा असावा तसा मांडीवर ठेवला. विलासचं काही चुकलं असं मला वाटत नाही. सगळे मरता मरता वाचलो होतो.

दारं वेळेत झाली. विलास, शोभा आणि दोन गडी रात्रंदिवस राबले. कंत्राटदाराने पुढे टेबलंही दिली. पुण्याच्या माणसाला नाही म्हणून कळवलं आणि शोभा एकेक पातेलं घेऊन गेली. त्यातल्या एकाला पोचा आला होता, तो माझ्या घरी आला असं ती अजून म्हणते. पुढे पाऊसही झाला. जिल्हा अजून यायचाच आहे. लॉजमध्ये साहेबांच्या जागी लग्नाची वऱ्हाडं उतरतात, ती दारं धडाधडा आपटतात, पण दारांना काही होत नाही. आणि मशीन, हे सांगायलाच पाहिजे, सोन्यासारखी निघाली. एवढ्या वर्षांत दोन बेअरिंगं बदलली, बाकी काही नाही. ती निवडली व्याह्यांनीच. पण असं कुणी म्हणालं की ते विषय बदलतात.

ते गावी राहायला गेले. आले तर शेडच्या दारापासूनच शोभाला हाक मारायचे, आत यायचे नाहीत. घरात मिक्सर घेतला तेव्हा त्यांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. शोभा म्हणाली, बाबा शहाणे झाले. मला काही ते बघवेना.

मग विलासने फळ्या कापायची एक मोठी मशीन बघायचं ठरवलं. जुनीच, लातूरला. तो मला म्हणाला, मामी, बाबांना तुम्ही सांगा, माझ्या बोलवण्याने ते येत नाहीत. मी गावी गेले. व्याही ओट्यावर बसले होते. मी म्हणाले, उठा, लातूरला जायचंय.

"मला काय कळून राह्यलंय मशीनीतलं?" ते म्हणाले.

"काहीच न्हाई," मी म्हणाले. "मला तरी कुठं कळतंय? फेटा बांधा."

आले. लातूरच्या त्या कारखान्यात ते सरळ आत गेले, दारात थांबले नाहीत. मशीनवरची पत्र्याची पाटी विलासला वाचायला सांगितली. मोटर कितीची, साल कोणतं, पावती आहे का, एवढं विचारलं. मी म्हणाले, इवाई, जरा भोवती फिरून तरी बघा. ते म्हणाले, इलास बघतोय की. भाव मालकाने तोंडाने सांगितला, विलासने थोडा कमी करायला लावला, व्याह्यांनी मान हलवली. केबलीसकट मशीन टेम्पोत चढली. चहा गार व्हायच्या आत सगळा व्यवहार उरकला. कुठे काही चुकलं नाही. कुणाला घाम फुटला नाही, कुणी भिंतीला टेकलं नाही.

परतीच्या बसमध्ये विलास पुढे बसला, आम्ही दोघं मागे. तो मध्येच वळून म्हणाला, बघा मामी, किती झटकन काम झालं. मी हो म्हणाले. व्याही माझ्या शेजारीच बसले होते, शहाण्या माणसासारखे समोर बघत. आणि मला उदगीर येईपर्यंत सारखी त्यांची आठवण येत होती.